मुलाच्या फुटबॉल कोचिंगसाठी शिक्षणाची गुंतवणूक थांबवावी का?

नमस्कार,

तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, क्लबकडून खेळतो आणि यंदा वयोगटाच्या मुख्य संघात त्याची निवड झाली नाही. क्लबचेच कोच आठवड्यातून दोनदा त्याला एकट्याला शिकवायला तयार आहेत. वर्षाची फी आगाऊ भरली तर सवलत मिळेल. त्यासाठी त्याच्या उच्च शिक्षणाची मासिक गुंतवणूक दोन वर्षं थांबवावी का, असं तुम्ही विचारलंय, आणि ‘पुढे खेळातूनच वसूल होईल’ असंही लिहिलंय.

गुंतवणूक थांबवू नका. कोचिंग लावायचं असेल तर ते महिन्याच्या खर्चातून लावा, आणि तुम्ही ठरवलंय त्यापेक्षा बरंच कमी लावा.

कारण हिशेबात आहे. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत आठ वर्षं आहेत. वार्षिक 8 टक्के परतावा धरला आणि दरमहा चक्रवाढ मोजली, तर आठ वर्षांनी मासिक हप्त्याच्या साधारण 134 पट रक्कम जमते. पहिली दोन वर्षं हप्ते भरले नाहीत तर त्यातून हप्त्याच्या सुमारे 42 पट रक्कम कमी होते. म्हणजे मुदतीचा एक चतुर्थांश भाग वगळला, तर जवळपास एक तृतीयांश निधी जातो. सुरुवातीच्या हप्त्यांना वाढायला सगळ्यात जास्त वेळ मिळतो, म्हणून नेमके तेच थांबवणं महागात पडतं. परतावा 8 टक्क्यांहून कमी-जास्त झाला तर आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही.

आता वसुलीबद्दल. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार करार संपण्याआधी खेळाडू एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्यासाठी दिलेल्या रकमेतला 5 टक्के हिस्सा त्याला घडवणाऱ्यांमध्ये वाटला जातो. पण तो मिळतो क्लबांना, आणि मोजणी बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंतची असते. पालकांनी खासगी कोचला दिलेली फी त्या हिशेबात कुठेच येत नाही. खेळाडू म्हणून तो स्वतः कमावेल ही शक्यता आहेच, पण व्यावसायिक करारापर्यंत फार थोडी मुलं पोचतात. म्हणून माझ्या मते ही फी पोहण्याच्या किंवा गाण्याच्या क्लाससारखी धरावी. मुलाला आनंद मिळतो, तो शिकतो, आणि खर्च झालेला पैसा खर्च झालेला असतो. तसं मनाशी पक्कं केलं की किती खर्च झेपतो हे ठरवणंही सोपं जातं. घरात सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे का आणि कार्डावरची थकबाकी शून्य आहे का, हे आधी बघा. दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा.

निवड हुकली म्हणून घाईघाईने पैसे भरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याचा जन्म कुठल्या महिन्यातला आहे ते पाहा. वयोगटाच्या कट-ऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेली मुलं गटात सर्वांत मोठी असतात आणि लहान वयात तीच जास्त निवडली जातात, हे अनेक देशांत दिसून आलंय. अकरा महिन्यांनी लहान असलेल्या मुलाची उंची आणि ताकद कोचिंगने भरून निघत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. फ्रान्सचा फुटबॉलपटू अंतोआन ग्रीझमन याला लहानपणी फ्रान्समधल्या क्लबांनी अंगकाठीमुळे नाकारलं, तो स्पेनमधल्या रेआल सोसिएदाद क्लबमध्ये घडला आणि 2018 मध्ये फ्रान्सकडून विश्वविजेता झाला.

एकट्याच्या सेशनमध्ये फर्स्ट टच (आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात काबूत घेणं), कमजोर पाय, शूटिंगचं तंत्र नक्की सुधारतं. पास कधी द्यायचा, मान वळवून मागे कोण आहे ते कधी बघायचं, हे मात्र समोर प्रतिस्पर्धी असल्याशिवाय येत नाही. म्हणून तीन-चार मुलांचा गट करून कोच लावा. फी वाटली जाते आणि सराव खेळाच्या जवळ जातो. भिंतीवर चेंडू मारून दोन्ही पायांनी थांबवणं तर फुकट आहे, आणि त्यात ढिलाई नको.

शरीराचाही हिशेब ठेवा. आठवड्यातले संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत आणि निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. त्याच्यासाठी मर्यादा दहा तासांची, आणि त्यात क्लबचा सराव, सामने आणि हे सेशन सगळं आलं. टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखतो म्हणाला तर सेशन बंद करून डॉक्टरांना दाखवा. वाढत्या हाडांवर ताण आला की तिथेच दुखतं.

एक गोष्ट मला खटकली. जे कोच संघ निवडतात तेच खासगी फी घेणार असतील, तर क्लबचा त्याबद्दल नियम काय आहे हे लेखी विचारा. नियम नसेल तर दुसरा कोच शोधा, सवलत सोडावी लागली तरी चालेल.

आगाऊ वर्षभराची फी भरू नका. आठवड्यातून एकदा, तीन महिने, महिन्याला पैसे. सुरुवातीलाच कोचशी बसून एकच उद्दिष्ट ठरवा, समजा डाव्या पायाने पास. दुखापत झाली किंवा कोच आले नाहीत तर त्या सेशनचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतील, हे लिहून घ्या. तीन महिन्यांनी मुलालाच विचारा, पुढे जायचंय का. तो ‘हो’ म्हणाला तर पुढच्या तीन महिन्यांचे पैसे महिन्याच्या खर्चात बसतात का ते पाहून मला कळवा. शिक्षणाचा हप्ता तोपर्यंत ठरलेल्या तारखेला जाऊ द्या.