'आम्ल-क्षार टायट्रेशन' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की शाळेतल्या मुलांसाठी टायट्रेशनच्या (एका द्रावणात दुसरं थेंब थेंब टाकून त्याचं प्रमाण मोजण्याच्या) प्रयोगाची माहिती मराठीत लिहायची आहे, हिंदी व्हिडिओत अल्कलीला (पाण्यात विरघळणाऱ्या बेसला) क्षार म्हणतात, तर 'आम्ल-क्षार अनुमापन' (अनुमापन म्हणजे टायट्रेशनच) लिहिलं तर चालेल का?

मी म्हणेन नका लिहू. आपल्या शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, आणि बेसला आम्लारी. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू, इतका चपखल शब्द आहे हा, मला फार आवडतो. बोलतानाही बघा ना, बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत, बादलीला क्षार बसलाय, क्षारपड जमीन, सगळीकडे सॉल्टच. हिंदीत सॉल्टला लवण आहे म्हणून त्यांचं भागतं.

आता प्रयोगच डोळ्यासमोर आणा. फ्लास्कमध्ये पिपेटने 10 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (आम्लात रंगहीन राहणारं, आम्लारीत गुलाबी होणारं दर्शक), वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कॉक असलेल्या मापाच्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हा आम्लारी. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो, फ्लास्क फिरवला की विरतो, पुढे पुढे विरायला वेळ लागायला लागतो आणि मग एकाच थेंबाने सगळं द्रावण फिकट गुलाबी होऊन तसंच राहतं, तिथे लगेच ब्युरेटचा कॉक बंद करायचा. या क्षणी फ्लास्कमध्ये काय आहे तर मिठाचं पाणी, म्हणजे क्षार! जो प्रयोगाच्या शेवटी तयार होतो त्याचंच नाव सुरुवातीला ओतायच्या पदार्थाला दिलं तर मुलांचा गोंधळ होणारच.

पण हिंदीवाले चुकले असंही नाही हं. संस्कृतात क्षार म्हणजे मुळात वनस्पती जाळून राखेतून काढलेला पदार्थ, यवक्षार (जवाच्या राखेतला) वगैरे, आणि अल्कली हा अरबी शब्दही राखेवरूनच आलाय. तो जुना अर्थ आपल्याकडे स्वयंपाकघरात टिकलाय, पापडखार! खार हा क्षारचाच अपभ्रंश. चिमूटभर पापडखार ओल्या हळदीवर टाकून बघा, लालसर होते, साबण लागल्यावर हळदीचा डाग होतो तशी, म्हणजे हा खार आम्लारीच.

तर मथळ्यात सरळ 'आम्ल-आम्लारी टायट्रेशन' लिहा, अनुमापन हा शब्द पहिल्या ओळीत एकदा सांगून टाका. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला वेगळं नाव हवंच असेल तर 'अल्क' आहे, सोडियम हायड्रॉक्साइडला तो अगदी बरोबर बसतो.