हसू नेमकं कुठे थांबतं?

प्रश्न : बाई, काफ्काची ‘मेटॅमॉर्फसिस’ ही दीर्घकथा नुकतीच वाचली. ग्रेगोर साम्सा सकाळी जागा होतो तो किडा होऊन, आणि काळजी कसली, तर गाडी चुकल्याची! मी खदखदून हसलो. शेवटी मात्र आवंढा गिळावा लागला. हे मधे कधी झालं ते पुन्हा चाळूनही सापडत नाही. आधी इतका हसलो याची आता लाज वाटते. माझं वाचन चुकलं का?

उत्तर : लाज कसली! हसायची सोय लेखकानेच करून ठेवलीय. गजर चारचा, घड्याळात साडेसहा, पाचची गाडी गेलेली. पोटावरचे पाय वळवळताहेत आणि हा कापडाचा फिरता विक्रेता सातची तरी गाठता येईल का, याचा हिशोब करतोय. त्यात भर म्हणून ऑफिसातले वरिष्ठ घरी येऊन बंद दाराबाहेरून झापतात. काफ्का स्वतः काही सोवळा नव्हता. ‘द ट्रायल’ या आपल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवताना त्यालाच हसू आवरेना, असं त्याचा मित्र मॅक्स ब्रोड याने लिहून ठेवलंय.

तुम्ही शोधताय ती जागा बहुतेक जण सफरचंदापाशी दाखवतात. बाप सफरचंदं फेकून मारतो आणि एक ग्रेगोरच्या पाठीत रुतून बसतं. मला ते पटत नाही. तोवर उशीर झालेला असतो. माझ्या मते जागा त्याआधीची आहे, चादरीची.

ग्रेगोर सोफ्याखाली लपतो, तरी थोडासा बाहेर दिसतोच आणि बहिणीला तेवढंही सोसत नाही. हे लक्षात आल्यावर तो एक चादर पाठीवरून ओढत आणतो आणि आपण पूर्ण झाकले जाऊ अशी सोफ्यावरून सोडतो. या कामाला त्याला चार तास लागतात. मी हे वर्गात मोठ्याने वाचायचे. पहिल्या भागाला हशा ठरलेला. एका वर्षी चादरीपाशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “चार तास, बाई?” कुणी हसलं नाही. मीही पुस्तकातून वर पाहिलं नाही.

बघा, माणूस तोच आहे. तितकाच कामसू, दुसऱ्याला त्रास नको म्हणून झटणारा. पण सकाळी आपलं काय झालंय हे त्याच्या गावीही नव्हतं, म्हणून त्याची धडपड हास्यास्पद होती. आता त्याला कळलंय. वर बहिणीने एकदा कृतज्ञतेने पाहिलं असं त्याला वाटतं, आणि तो त्यावरच खूश!

विनोद पुढेही आहे, फक्त दाराबाहेर गेलाय. ते तिघे दाढीवाले भाडेकरू मांस शिजलंय का हे कापून तपासतात, ते मजेशीरच आहे. पण तुम्ही एव्हाना ग्रेगोरबरोबर आत अडकलेले. मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका, असं काफ्काने 1915 साली प्रकाशकाला बजावलं होतं, ते मला याच कारणाने महत्त्वाचं वाटतं. चित्र असतं तर आपण त्याला घरच्यांच्या नजरेने पाहिलं असतं.

पुन्हा वाचाल तेव्हा सर्वनामांकडे लक्ष ठेवा. शेवटाकडे बहीण म्हणते, “ते गेलंच पाहिजे.” मूळ जर्मनमध्येही तिथे नपुंसकलिंगच आहे. आणि मग पहिली पानं उघडा. हीच मुलगी दाराशी येऊन हळूच विचारते, “ग्रेगोर? बरं नाही का रे? काही हवंय?”