पेंटबॉल मार्करच्या सीओटू बाटलीची नवी ओ-रिंगही सारखी का फुटते?

गॅस गळू नये म्हणून बाटलीच्या तोंडावर बसवलेली नवीकोरी रिंगही चार-पाच खेळांत जाते, म्हणजे एखादी रिंग वाईट निघाली असं नाही. मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूकही, बदलू नका. फुटलेली रिंग मात्र फेकू नका, ती कशी फुटली त्यावरून कारण कळतं.

रिंग फुगलेली, सैल आणि फोड आलेली असेल तर माल चुकीचा आहे. व्हॉल्व्हच्या तोंडावर ०१५ नंबरची रिंग लागते: आतला व्यास १४ मिमी, जाडी १.७८ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात या मापाची काळी रिंग मिळते ती बहुतेक नायट्राइल रबराची, ७० शोर (शोर म्हणजे कडकपणाचं माप). नायट्राइल दाबाखाली सीओटू पिऊन घेतं आणि दाब सुटला की तोच गॅस रिंगला आतून फोडत बाहेर येतो. रात्रभर उघड्यावर ठेवली की रिंग आकसून पुन्हा मापात येते, त्यामुळे माणूस फसतो. सीलच्या दुकानात जाऊन 'पीयू (पॉलियुरेथेन), ९० शोर' असं स्पष्ट सांगा.

रिंग जागेवरून ओढल्यासारखी निघून तुटली असेल तर चूक बाटली काढण्यात आहे, आणि बहुतेकांचं इथंच बिनसतं. बाटली सोडताना व्हॉल्व्हची पिन मोकळी होऊन गॅस बंद होतो, पण मार्करमध्ये अडकलेला गॅस तसाच राहतो. रिंगने बैठक सोडली की तो तिला फटीतून बाहेर ढकलतो. म्हणून आधी हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) काढा, बॅरलमध्ये गोळी नाही हे बघा, मास्क चढवा. मग बाटली अर्धा ते पाऊण वळसा सैल करून सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबत राहा. पाच-सहा फायरनंतरही जोर तेवढाच असेल तर पिन अजून दबलेलीच आहे. आणखी थोडं सैल करा. फायर पूर्ण थांबल्यावरच बाटली काढा.

यात एक धोका जिवावरचा आहे. फिरवताना कधी कधी अडॅप्टरमधून (मार्करवर बाटली जिथं फिरवून बसवतात तो भाग) बाटली सुटण्याऐवजी व्हॉल्व्हच बाटलीतून सुटू लागतो. तसा सुटला तर बाटली रॉकेटसारखी उडते, अशाने माणसं मेली आहेत. व्हॉल्व्ह आणि बाटली या दोन्हींवरून नेलपॉलिशची एकच उभी रेघ ओढून ठेवा. रेघ जुळेनाशी झाली की तिथंच थांबा आणि ती बाटली जाणकाराकडे द्या.

दर वेळी एकाच बाजूला चीर पडत असेल तर अडॅप्टरमध्ये कंगोरा, म्हणजे धातूची धारदार कड, आहे. आत कापूस फिरवा, धागे अडकतील तिथं ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने मारा आणि भुसा पुसून काढा. रिंग टेकते त्या सपाट बैठकीला पेपर लावू नका. लावताना रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट पुरे. मशिनचं तेल नको. सीओटू सोडून दाबाच्या हवेची टाकी वापरायला लागलात तर ती भरायच्या निपलजवळ तर मुळीच नको, दाबाची हवा आणि तेल मिळून भडका उडू शकतो.

बाटली उन्हात ठेवू नका. आतला दाब २० अंशांना साधारण ५७ बार असतो, ३० अंशांना ७२.

हे सगळं करूनही रिंग गेली तर अडॅप्टरच बदला, शक्यतो गॅस चालू-बंद करायचा ऑन-ऑफ खटका असलेला घ्या.