दिरानं पाठवलेलं हक्कसोडपत्र

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, पासपोर्ट भारतीय, राहते इटलीत तोरिनोला. नवरा रोमानियाच्या बाकाऊ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वीस वर्षं तोरिनोत बांधकामावर होता. लग्नाआधी त्यानं गावात जागा घेतली आणि दर ऑगस्टच्या सुट्टीत थोडं थोडं करत घर बांधलं. वरच्या मजल्याला अजून गिलावा नाही. गेल्या ऑगस्टमध्ये गावीच हृदयविकारानं तो गेला. मृत्युपत्र करायचं राहूनच गेलं. सात वर्षांची एक मुलगी आहे. सासूबाई त्या घरात राहतात. दीर म्हणतो, परदेशी माणसाला इथे जमीन मिळत नाही. शिवाय दादाच्या ओळखपत्रावर पत्ता गावचा, वारलाही गावात, म्हणजे कायदा आमचाच. तर नोटरीसमोर हक्क सोड. कागद रोमानियन भाषेत आहे. सही करू का?

उत्तर : नाही. ताई, तूर्त त्या कागदाला हातही लावू नका.

दिराचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. रोमानियाच्या राज्यघटनेचं ४४वं कलम परदेशी नागरिकांच्या जमीनमालकीवर बंधन घालतं. युरोपीय संघाच्या नागरिकांना वाट मोकळी आहे, तुम्हाला नाही. उद्या तिथे जमीन विकत घ्यायला गेलात तर नोटरी परत पाठवेल. पण त्याच वाक्याच्या शेवटी एक अपवाद आहे : कायद्यानं चालत आलेला वारसा. मृत्युपत्रानं दिलेली जमीन या अपवादात बसत नाही, मृत्युपत्र नसताना वारस म्हणून आलेली बसते. मृत्युपत्र राहून गेल्याची तुम्हाला खंत आहे. जमिनीपुरतं बोलायचं तर ते नव्हतं हेच बरं झालं.

आता पत्त्याचं. इटलीत वर्षानुवर्षं काढूनही ओळखपत्रावर, म्हणजे 'बुलेटिन'वर, गावचाच पत्ता ठेवणारे रोमानियन मजूर पुष्कळ आहेत. पण १७ ऑगस्ट २०१५पासूनच्या मृत्यूंना युरोपीय संघाचा ६५०/२०१२ हा वारसा नियम लागतो, आणि तो कार्डावरचा पत्ता किंवा मृत्यूचं ठिकाण एवढ्यावर थांबत नाही. माणसाचं नेहमीचं वास्तव्य कुठे होतं, हे तो बघतो. याच नियमाच्या प्रस्तावनेत अशा कामगारांचा विचार आहे : कामासाठी बाहेर गेलेला, पण संसार आणि गोतावळा गावीच असलेला माणूस बरीच वर्षं परदेशात राहिला तरी मायदेशाचाच रहिवासी धरता येतो. दीर यावर बोट ठेवू शकतो. तुमच्या घरी मात्र चित्र उलटं आहे. बायको तोरिनोत, मुलीची शाळा तोरिनोत, पगार तिथेच, गाव ऑगस्टपुरतं. घराचा भाडेकरार, पगाराच्या पावत्या, शाळेचा दाखला, डॉक्टरकडची नोंद हे सगळं एका फायलीत लावा. हा वाद भाषणानं जिंकत नाहीत, असल्या कागदांनी जिंकतात.

फरक केवढा? इटलीचा कायदा लागला तर पत्नी आणि एकुलतं मूल यांना अर्धं अर्धं. रोमानियाचा लागला तर तुम्हाला एक चतुर्थांश, बाकी मुलीला. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे : मूल असताना आई आणि भाऊ यांना कायद्यानं काहीच मिळत नाही. म्हणजे तुम्ही एकटीनं हक्क सोडलात तर तो वाटा मुलीकडे जाईल, दिराकडे नव्हे. मग त्याला हा कागद कशाला हवा? माझा अंदाज, त्यात मुलीचंही नाव असणार. भाषा येत नसली तरी नाव शोधता येईल. अल्पवयीन मुलीचा हक्क आईला न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, त्यामुळे तसा कागद टिकणारही नाही. पण तो मोडायला वकिलाची फी भरत बसायची वेळ कशाला आणायची? भाऊबीजेच्या आसपास बहिणींपुढे सरकवतात त्या हक्कसोडीच्या कागदांचीच ही जात.

मुदत मात्र सांभाळा. रोमानियन कायद्यात वारसा स्वीकारायला मृत्यूपासून एक वर्ष मिळतं. माहीत असून गप्प राहिलात तर हक्क सोडला असं धरतात. इटलीत दहा वर्षं आहेत. कोणता कायदा लागणार यावरच भांडण आहे, तेव्हा लहान मुदत आपली समजा. येत्या ऑगस्टच्या आत इटलीतल्या नोटरीसमोर स्वीकाराची घोषणा करा, त्यासाठी बाकाऊला जावं लागत नाही. मुलीच्या वतीनं मालमत्ता-कर्जांची यादी करून स्वीकारायचं असतं; त्यालाही आधी परवानगी लागेल, तोरिनोच्या न्यायाधीशाची किंवा २०२३पासून त्या नोटरीचीही चालते, म्हणून आत्ताच हालचाल करा. नवऱ्याच्या नावावर कर्ज होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तुमचाही स्वीकार तसाच यादीसह करा, म्हणजे कर्जाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते.

मग त्याच नोटरीकडून युरोपीय वारस प्रमाणपत्र घ्या. त्याच्या प्रमाणित प्रती सहा महिनेच चालतात, म्हणून रोमानियाला जायचं ठरल्यावर काढा. तिथल्या भूमी नोंदवहीत, म्हणजे त्यांच्या सात-बारावर, त्याच आधारे तुमची आणि मुलीची नावं लागतील. मृत्यूपासून दोन वर्षांत तिथलं वारसाप्रकरण पुरं झालं नाही तर एक टक्का कर बसतो.

इटलीच्या पेन्शन खात्याकडे वारस-निवृत्तिवेतनाचा अर्जही करा. पात्रता असल्यास पत्नी आणि एक मूल मिळून त्याच्या पेन्शनच्या ऐंशी टक्के मिळतात. रोमानियात काम केलेली वर्षं असतील तर ती जोडून मोजायला सांगा. हा हक्क इस्टेटीपासून वेगळा आहे, दिराच्या कागदाशी त्याचा संबंध नाही.

राहिल्या सासूबाई. या सगळ्यामागे कदाचित हाव नसेल, सून घर विकून आपल्याला बाहेर काढेल ही त्यांची भीतीही असेल. नावं लागल्यावर त्यांना हयातभर तिथे राहण्याचा हक्क नोटरीकडे लिहून देता येईल. मुलीच्या वाट्यापुरती न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. दिराला आज एवढंच कळवा, आणि लेखी कळवा : सही करणार नाही, पण आईंना घरातून कुणी उठवणार नाही.