कपाशीवर मावा दिसला की लगेच पंप काढू नको

दादा, पहिलंच वर्ष आहे म्हणून सांगतो, फवारणी करायच्या आधी पानं उलटी करून नीट बघ. मावा आणि तुडतुडे, दोन्ही पानाचा रस शोषणारे किडे. दर पानाला सरासरी मावा 10 च्या खाली असेल आणि तुडतुडे 2-3 च्या आत, तर थांब जरा, फवारणीची मर्यादा हीच. तिथंच ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड फिरत असतो, आणि त्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसते, नवीन माणूस हमखास तिलाच कीड समजून चिरडतो. ती मावा खाते रे बाबा! पानावर बारीक दांडीवर पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या किड्याची, तीपण आपल्याच बाजूची, आणि मावा फुगून तपकिरी झालेला दिसला तर त्याच्या आत बारीक परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढलेलं असतं.

आता सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सरसकट सगळे किडे मारणारं रासायनिक औषध) मारलंस की हे सगळे मित्रकीटक आधी मरतात, मग पांढरी माशी आणि लाल कोळी (या रस शोषणाऱ्या किडी) मोकाट सुटतात, आणि दुकानदार अजून एक बाटली देतो (त्याचा धंदा आहे तो, चालायचंच).

बांधाला चवळी, मका, झेंडू लाव, चवळीवर मावा येतो त्यावर ढालकिडे पोसले जातात आणि तेच पुढं कपाशीत शिरतात. पक्ष्यांना बसायला काठ्या रोव, कोतवाल, साळुंक्या अळ्या टिपतात. बांधावरचं बाभूळ-बोर तोडू नको. मर्यादा ओलांडली तर निंबोळी अर्क 5 टक्के, संध्याकाळी मार.