करमत नाही म्हणजे नेमकं काय? नव्या गावातल्या आईबापांचे प्रश्न

मे-जूनमध्ये बदल्या होतात आणि पोळ्यापर्यंत माझ्याकडे एकाच धर्तीचे प्रश्न येत राहतात: गाव नवं, कडेवर लेकरू, बोलायला कोणी नाही. समुपदेशक म्हणून त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

यजमान ग्रामसेवक आहेत. दारव्हा तालुक्यातल्या गावात नुकतेच आलो, मुलगी तीन वर्षांची. शेजारच्या बायका बोलतच नाहीत. ओळख कशी करू?

त्या सध्या निंदणाला जातात. सकाळी गेलेली बाई दिवस मावळताना परतते आणि लगेच चुलीपुढे बसते. तुम्हाला टाळत नाहीत, थकलेल्या असतात. मुलीचं नाव अंगणवाडीत घाला (तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण तिथेच होतं) आणि तिला स्वतः सोडायला-आणायला जा. शेजारच्या पोरासोबत पाठवलंत तर संधी गेली. कोणाकडे तरी विरजण मागा. मदत देऊ करण्यापेक्षा मागितल्याने ओळख लवकर होते. वाटी परत करताना मात्र रिकामी नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी नंदी सजवून लेकीला घेऊन निघा. लहान मुलांचे आईबाप त्या दिवशी हमखास बाहेर असतात, आणि दारोदार बोजारा (मुलांना मिळणारे खाऊ-पैसे) घेताना ‘कुठल्या तुम्ही?’ हे आपसूक विचारलं जातं. पुढे कोजागिरीपर्यंत भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा खेळ) आहेच.

मुलगा पाच वर्षांचा. त्याच्या पुणेरी बोलण्याला वर्गातली मुलं हसतात. शाळा बदलू का?

नाही. दिवाळीपर्यंत तोच इकडच्यासारखं ‘काऊन बे’ (का रे) म्हणू लागेल आणि तुम्ही त्याची तक्रार घेऊन याल. मात्र घरी बोलतो आणि शाळेत महिना उलटला तरी अवाक्षर काढत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पत्नी आरोग्य केंद्रात परिचारिका, मी घरून काम करतो. दीड वर्षाचं बाळ माझ्याकडे. अंगणवाडीपाशी सगळ्या बायका, पारावर सगळा खर्रा (तंबाखू-सुपारी) आणि राजकारण. मी जाऊ कुठे?

पारावरच जा, लेकरू कडेवर घेऊन. खर्रा नको म्हणा, कोणी रागावत नाही. नातवंडं सांभाळणारे आजोबा तिथे भेटतील. तुमचा दिवस आणि त्यांचा दिवस सारखाच.

एक मैत्रीण मिळाली. आता ती मुलांची बुद्धी वाढवणारी पावडर घ्या, पाच हजार भरून ‘जॉइन’ व्हा म्हणते. नाही म्हटलं तर एकटी पडेन.

नाही म्हणा. नव्या गावातली एकटी आई हे या मंडळींचं आवडतं गिऱ्हाईक आहे. 2021 च्या थेट विक्री नियमांनुसार सभासद होण्यासाठी शुल्क घेता येत नाही, साखळी योजनांवर तर बंदीच आहे. शंका असल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनला विचारा. पावडरीचं म्हणाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको. खरेदी नाकारल्यावर ती चहाला येते का, ते बघा.

माहेर अकोल्याचं, सासर गोंदियाकडे. बाळ पाच महिन्यांचं. घरचे सगळे रोवणीत (भाताच्या लावणीत). महिनाभर रोज रडू येतं, बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. सासूबाई नजर उतरवतात, हे म्हणतात मैत्रिणी झाल्या की बरं वाटेल. मैत्रिणी कशा करू?

बाई, मैत्रिणींचं नंतर बघू. आधी डॉक्टर.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. त्यापुढेही मन उदास, भूक नाही, बाळाजवळ असून नसल्यासारखं वाटतं, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. आजार आहे, उपचाराने बरा होतो. थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी असलं तरी असंच वाटू शकतं. म्हणून तपासणी हवी, अंदाज नको. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं असतात, ती डॉक्टरच ठरवतील. माझी चीड आहे ती उशिरावर. आधी नजर, मग बाहेरची बाधा, मग ‘माहेरी पाठवा, करमेल’, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून काढा. आणि दवाखाना शेवटी. तोवर चार-सहा महिने गेलेले असतात. नजर उतरवायचीच असेल तर दवाखान्यातून आल्यावर उतरवा, सासूबाईंशी भांडू नका.

हे उत्तर यजमानांना वाचून दाखवा. रोवणीतून एक दिवस काढून त्यांनी स्वतः सोबत यावं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. आजच बोलायचं असेल तर 14416, टेलि-मानस: मोफत, चोवीस तास, मराठीतही. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर घरच्यांनी तुम्हाला एकटं सोडू नये.

रोज दुपारी दोन तास जुन्या मैत्रिणींशी व्हिडिओ कॉल करते, अडीच वर्षांची मुलगी तेवढा वेळ कार्टून बघते. चालेल ना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार या वयाला दिवसभरात मिळून एक तास ही कमाल मर्यादा आहे. ती झोपल्यावर कॉल करा.