जुन्या घराचं वायरिंग बदलताय? आधी अर्थिंग बघा

भाऊ, लाकडी पट्टीवरचं वायरिंग काढून नवीन पाइपातून घ्यायचं ठरवलंत, उत्तम. पण वायरमनच्या यादीत अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी जोडणी, कुठेच दिसत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. गावाकडच्या बऱ्याच जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं, आत अर्थिंगची हिरवी वायर नसतेच. काही महाभाग तर न्यूट्रललाच (करंट परत नेणाऱ्या वायरला) अर्थ जोडून मोकळे होतात. मग न्यूट्रल कुठे तुटला की फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरतो. तेव्हा ओलसर जागी स्वतंत्र अर्थिंग करून घ्या. उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता.

एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) बसवली म्हणजे शॉक लागणार नाही, हा गैरसमज सोडा. ती असते वायर जळू नये म्हणून. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) हवी, आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायचं. ती सारखी पडायला लागली की वायरमन "काढून टाकू" म्हणेल. काढू देऊ नका, गळती शोधायला लावा. पावसाळ्यात बहुधा ओल्या भिंतीतला जोड नाहीतर पाण्याची मोटार सापडते.

वायर तांब्याची: दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझरला चार स्क्वेअर एमएम. जुन्या कटआउटमध्ये फ्यूज वायरऐवजी जाड तार गुंडाळलेली असेल, तर ती आजच बदलून घ्या. कपडे वाळत घालायची लोखंडी तार सर्व्हिस वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या वायरच्या) पाइपाला बांधलेली असेल, तर तिच्यात करंट उतरू शकतो; तिथे नायलॉनची दोरी लावा. आणि काम परवानाधारकाकडूनच, टेस्ट रिपोर्टसकट.